मनगटावरची लाल दोरी

दोस्तांनो, लोह्याहून सातवीतल्या एका वाचकाचं पत्र आलंय. तो लिहितो, "ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात मोठा पूर आला, तेव्हा लोकांना बाहेर काढायला बोटी आल्या होत्या. मी ते टीव्हीवर पाहिलं. तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. इंजिनाच्या बोटीतून चालवणाराच पाण्यात पडला, तर बोटीचं काय होतं?"

वा! प्रश्न फक्कड आहे. उत्तर वाचण्याआधी तुम्हीही जरा डोकं चालवा.

सायकलवरून आपण पडलो, की सायकल दोन-चार हात पुढे जाऊन आडवी होते. गाडीवान खाली पडला, तर बैल निदान थबकतील तरी. पण इंजिन काही बैलाइतकं शहाणं नसतं! वेगाची मूठ जिथे फिरवून ठेवली असेल, तिथेच बऱ्याचदा राहते. वळवायला मात्र कुणाचा हात उरत नाही. मग पाण्यातल्या पंख्याच्या जोरानं इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल गोल फिरू लागते. म्हणजे माणूस जिथे पडला, तिथेच ती पुन्हा पुन्हा येते. आणि तिच्या मागे, पाण्याखाली, मिनिटाला हजारो फेरे घेणारा धातूचा पंखा असतो.

असं खरंच घडलंय. ५ मे २०१३ रोजी इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, पॅडस्टो गावाजवळच्या खाडीत आई-वडील आणि चार मुलं बोटीतून फिरत होती. एका वळणावर सगळे सहा जण पाण्यात फेकले गेले. रिकामी बोट वेगात फिरत फिरत त्यांच्यावरच आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. आई आणि एक लहान मुलगा गंभीर जखमी झाले. शेवटी एका धाडसी माणसानं दुसऱ्या बोटीतून तिच्यात उडी मारली, तेव्हा कुठे ती थांबली.

पुढे चौकशी झाली. बोटीत एक छोटी लाल दोरी होती. पण ती चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेलीच नव्हती.

ही दोरी म्हणजे 'किल स्विच'ची दोरी. नाव भयंकर असलं, तरी हा स्विच इंजिनाला गप्प करतो आणि माणसाला वाचवतो. दोरीचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, मांडीला नाहीतर लाइफ जॅकेटला अडकवतात. दुसऱ्या टोकाला एक चिमटा असतो, तो इंजिनाच्या लाल बटणाखाली बसवतात. चिमटा जागेवर आहे, तोवर इंजिन चालतं. माणूस पडला, की दोरीला हिसका बसतो, चिमटा निघतो, इंजिनातली ठिणगी बंद होते आणि पंखा थांबतो. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखालच्या मुठीमागेही हीच कल्पना आहे. माणूस जागेवर असेल, तरच यंत्र चालेल.

ही दोरी वापरायची कशी?

एक, इंजिन सुरू करण्याआधीच ती अडकवायची. दोन, रोज पहिल्यांदा इंजिन सुरू केलं, की दोरी मुद्दाम ओढून बघायची. इंजिन बंद पडलं नाही, तर बोट बाहेर काढायची नाही. तीन, बोटीत एक जादा चिमटा ठेवायचा. चालवणारा दोरीसकट पाण्यात पडला, तर त्याला आणायला उरलेल्यांना इंजिन सुरू करता आलं पाहिजे ना!

मग लोक ती लावत का नाहीत? "हातात अडकते," "इथंच तर जायचंय," "मला वीस वर्षांची सवय आहे." ऐकल्यासारखं वाटतंय? हेल्मेट घराच्या खुंटीला टांगून ठेवणारेही हेच म्हणतात! अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोटी वेगात चालवताना अशी दोरी किंवा तसंच साधन लावणं कायद्यानं सक्तीचं झालं. पण मनगटाला दोरी बांधायला कायदा थोडाच येणार? ती आपली आपणच बांधायची असते.

आई-बाबांनो, सुट्टीत तारकर्ली, मालवण, गोव्याला गेलात, तर मुलांना वेगवान बोटीत किंवा वॉटर स्कूटरवर बसवण्याआधी चालवणाऱ्याच्या मनगटाकडे एकदा बघा. मोठ्या लाँचवर अशी दोरी दिसेलच असं नाही. लाइफ जॅकेट मात्र सगळीकडेच हवं. दोरी असली म्हणून जॅकेट काढायचं नाही.

आणि मुलांनो, तुम्ही लाजू नका. "काका, दोरी लावली का?" एवढंच विचारायचं. काका हसले, तर हसू द्या. त्यांनी दोरी लावली, की तुमचं काम झालं.

आता या आठवड्याचा उपक्रम. घरात, शेतात, पिठाच्या गिरणीत यंत्र झटकन बंद करायची बटणं कुठे कुठे आहेत, ते मोठ्यांना विचारून वहीत लिहा. हात मात्र लावायचा नाही हं! सगळ्यांत लांब यादी कुणाची होते, बघू या.