गल्लीचे एक टाके



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत गावाला लागूनच जंगल. दाराशी खरकटे कुजले की कुत्री-डुकरे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट गावात शिरतो. तेव्हा खरकटे उघड्यावर नको.

एका घराचे खरकटे ते किती? म्हणून आठ-दहा घरांनी मिळून एक टाके बांधावे. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची 'नाडेप' पद्धत सोयीची. विटांचे टाके 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. हवेसाठी भिंतींत भोके. तळापासून 6 इंच काडीकचरा-खरकटे, त्यावर 4 किलो शेणाचा पातळ काला, वर 50-60 किलो चाळलेली माती, असे थर द्यावे. शेवटी शेणमातीने लिंपावे. ओल राखली की तीन-चार महिन्यांत खत तयार.

टाके एक-दोन दिवसांत भरावे लागते. तोवर रोजचे खरकटे खड्ड्यात टाकून लगेच माती लोटावी.

मोहफुले वेचताना झाडाखालचा पाला जाळू नका. झाडून टाक्यात आणा. वणवाही टळेल.

खताची वाटणी मात्र आधीच ठरवा. नाहीतर खत राहील बाजूला आणि गल्लीत भांडण पिकेल!