हार्दिकला आणणं चुकलंच होतं का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्स सोडून मुंबई इंडियन्सकडे परतला. डिसेंबरमध्ये रोहित शर्माच्या जागी तो कर्णधारही झाला. २०२४ च्या आयपीएलमध्ये १४ पैकी ४ सामने जिंकून मुंबई तळाला राहिली आणि वानखेडेवर घरच्याच कर्णधाराची हुर्यो उडाली. 'आम्ही तेव्हाच सांगितलं होतं' हे वाक्य तेव्हापासून चालू आहे.

पण २०२२ आठवा. तेव्हाही मुंबई शेवटची, तेव्हाही १४ पैकी ४ विजय. कर्णधार होता पाच ट्रॉफ्या जिंकून देणारा रोहित. मग २०२४ चं खापर एकट्या कर्णधारबदलावर कसं फोडायचं? शिवाय निर्णय झाला तेव्हा हार्दिकच्या खात्यात गुजरातचं २०२२ चं विजेतेपद आणि २०२३ ची फायनल होती. कागदावर तो वेडेपणा नव्हता. रोहितला ज्या पद्धतीने बाजूला केलं, त्यावरचा राग मात्र निकालाची वाट न बघता आला होता, आणि तो मला जास्त प्रामाणिक वाटतो.

तसंच हैदराबादविरुद्धचं. पहिल्या दहा षटकांत बुमराहला एकच षटक दिलं, समोरच्यांनी २७७ केले. ही चूक सामना चालू असतानाच दिसत होती. तिला पश्चातबुद्धी म्हणता येणार नाही.

२९ जून २०२४ ला टी-२० वर्ल्डकप फायनलचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं. दक्षिण आफ्रिकेला १६ हवे होते, भारत ७ धावांनी जिंकला. पुढच्याच आठवड्यात त्याच वानखेडेवर 'हार्दिक, हार्दिक'चा गजर झाला. मुंबईने त्याला परत आणण्याचा निर्णय मधल्या काळात बदलला नव्हता.