सगळ्यांकडे म्हणजे कोणाकडे?

संगणकावर खेळ खेळणाऱ्या आजच्या तरुणांत एक वाक्य वारंवार ऐकू येते. “एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा मॉनिटर आता सगळ्यांकडेच असतो!” ज्याच्याकडे तो नाही त्याने पुढे तोंड उघडू नये, असा या वाक्याचा गर्भितार्थ असतो. मला त्यातील हर्ट्झपेक्षा ‘सगळ्यांकडे’ हा शब्द अधिक खटकतो. हे सगळे कोण? त्यांना कोणी मोजले?

ज्या प्राध्यापकांचा या खेळांशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पडद्यावर हलणारे चित्र म्हणजे अनेक स्थिर चित्रांची माळ. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे येतात. संगणकाचा साधा मॉनिटर सेकंदात ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दोन चित्रांत १६.७ मिलिसेकंदांचे अंतर पडते. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर हेच अंतर ६.९ मिलिसेकंदांवर येते. यालाच रिफ्रेश रेट म्हणतात. नेमबाजीच्या खेळात भिंतीआडून निघालेला प्रतिस्पर्धी अशा पडद्यावर किंचित आधी आणि अधिक स्पष्ट दिसतो. हा फरक डोळ्यांना कळतच नाही, असे म्हणणारेही आमच्यात आहेत. पण त्यांचे बोलणे कोल्ह्याच्या द्राक्षांसारखे आहे. फरक आहे, आणि ज्याने दोन्ही पडदे शेजारी ठेवून पाहिले त्याला तो नाकारता येणार नाही.

याचा इतिहासही रंजक आहे. जुने काचेच्या नळीचे जाडजूड मॉनिटर लुकलुकत असत. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांवर ७५ किंवा ८५ हर्ट्झ ठेवण्याचा प्रघात होता. पुढे सपाट पडदे आले. ते तसे लुकलुकत नसल्यामुळे ६० हर्ट्झवर सर्वांचे भागू लागले. २००९ च्या सुमारास चष्मा लावून त्रिमिती खेळ पाहण्यासाठी १२० हर्ट्झचे सपाट पडदे बाजारात आले. चष्म्यांचे वेड ओसरले, वेग मात्र मागे राहिला. २०१२ मध्ये १४४, २०२० मध्ये ३६० आणि २०२३ मध्ये ५४० हर्ट्झपर्यंत मजल गेली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. किती जणांकडे असा पडदा आहे? संगणकावरील खेळ विकणारे ‘स्टीम’ हे मोठे दुकान दरमहा आपल्या ग्राहकांच्या यंत्रांची पाहणी प्रसिद्ध करते. भाग घेणे ऐच्छिक असते. त्या तक्त्यात मेमरी, ग्राफिक्स कार्ड, पडद्यावरील ठिपक्यांची संख्या, असे बरेच काही असते. पण कित्येक वर्षे रिफ्रेश रेटचा रकानाच त्यात नव्हता. तेव्हा ‘सगळ्यांकडे’ म्हणणाऱ्यांनी ही मोजणी कोठून आणली, हे त्यांनाच ठाऊक!

तरीही या तक्त्यावरून अंदाज बांधता येतो. आजही निम्म्याहून अधिक खेळाडू १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या पडद्यावरच खेळतात. ग्राफिक्स कार्डांतही वर्षानुवर्षे वरचे स्थान महागड्या कार्डांना मिळालेले नाही, ते मधल्या किमतीच्या कार्डांकडे राहिले आहे. म्हणजे जगभरचा सामान्य खेळाडू हा आपल्यासारखाच हिशेबी मनुष्य आहे. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १४४ हर्ट्झचा साधा २४ इंची मॉनिटर आता दहा हजार रुपयांच्या आसपास मिळतो, आणि खेळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्तातल्या लॅपटॉपलाही बहुधा तेवढ्याच वेगाचा पडदा असतो. जे आज नवी खरेदी करतात त्यांच्यात हा पडदा सर्रास आहे, हे मला मान्य आहे. पण नवी खरेदी करणारे म्हणजे सगळे नव्हेत. घरातला जुना पडदा, कचेरीतून भंगारात निघालेला संगणक, भावाने वापरून दिलेला लॅपटॉप, यांवर खेळणारे कोणत्याही चर्चेत बोलत नाहीत. नवी वस्तू घेणाराच तिच्याविषयी बोलतो. जुन्यावर भागवणारा गप्प बसतो. ऐकणाऱ्याला वाटते, सगळ्यांकडे आहे!

शिवाय पडदा असणे आणि तो वापरणे यांतही अंतर आहे. विंडोजमध्ये जाऊन वेग वाढवायचा राहिला, तर कित्येकदा १४४ चा मॉनिटर ६० वरच चालत राहतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ‘सायबरपंक २०७७’ सारख्या जड खेळात ग्राफिक्स कार्ड सेकंदाला पन्नासच चित्रे तयार करत असेल, तर पडदा बिचारा काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकलो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकातही सापडले नाही. ६० वरून १४४ वर गेले की दोन चित्रांतील अंतर सुमारे ९.७ मिलिसेकंदांनी कमी होते. १४४ वरून २४० वर गेले की २.८ ने, आणि २४० वरून ३६० वर गेले की जेमतेम १.४ ने. पहिली पायरी उपयोगाची. पुढच्या पायऱ्यांवर उपयोग घटत जातो आणि प्रतिष्ठा वाढत जाते. व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी कल्पना मांडली, ती इथे चपखल बसते.

कोणी म्हणेल, खेळण्याच्या वस्तूवर एवढा खल कशाला? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. त्यामुळे ‘सगळे’ या शब्दाशी माझी ओळख जुनी आहे. “हे तर सगळ्यांना येतं”, “हे पुस्तक सगळ्यांनी वाचलेलंच असतं”, अशी वाक्ये वर्गात सहज बोलली जातात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ऐकणारा स्वतःला त्या ‘सगळ्यां’तून वजा करून घेतो, आणि पुढे शंका विचारीत नाही. मॉनिटरच्या बाबतीत हेच घडते. ज्याच्याकडे नाही तो आपली बोटे मंद आहेत असे समजून खेळ सोडतो, किंवा बापाच्या पगारातून हप्ता काढायला लावतो. दोन्ही वाईटच.

आमच्या स्नेहसंमेलनात नेमबाजीच्या खेळांच्या स्पर्धा होतात आणि प्रत्येकाने आपला लॅपटॉप आणावा असा नियम असतो. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत अशा संगणकीय खेळांना पदके मिळाली. खेळ म्हणून मान हवा असेल, तर खेळाचा न्यायही हवा. कुस्तीच्या आखाड्यात वजन पाहून जोडी लावतात. कबड्डीत दोन्ही संघ एकाच मैदानावर उतरतात. मग इथेच एकाला ६० आणि दुसऱ्याला २४० का? संगणक-प्रयोगशाळेतील एकसारख्या यंत्रांवर सामने घ्या. ते जमत नसेल, तर मध्यंतरानंतर खेळाडूंनी जागा बदलाव्यात. यात एक रुपयाही खर्च नाही.

ज्याला परवडतो त्याने १४४ चा पडदा जरूर घ्यावा, आणि आनंदाने खेळावे. माझी विनंती एवढीच, की मित्रहो, पुढच्या वेळी कोणी “सगळ्यांकडे आहे” म्हणाला, तर त्याला शांतपणे विचारा, “सगळ्यांकडे म्हणजे कोणाकडे?” आणि त्याने मोजायला सुरुवात केली, तर आपल्या वर्गाच्या शेवटच्या बाकापासून मोजायला सांगा.