निबेची खरखर

आमच्या एका वाचकभगिनींनी पत्राने आपल्या घरातील एक वाद आमच्यापुढे ठेवला आहे. त्यांच्या कैलासवासी मामंजींची झरणी पुष्कळ वर्षे कपाटात पडून होती. यंदा नातवाने ती बाहेर काढून शाई भरली. परंतु निब कागदावर इतकी खरखरू लागली की, दोन ओळींतच त्याचा उत्साह मावळला. थोरले दीर म्हणतात, निब काचकागदावर घासा. धाकटे म्हणतात, ती काढून टाकून नवी सोन्याची बसवा. सासूबाई म्हणतात, एकाच्या हाताला लागलेली झरणी दुसऱ्याच्या हाती चालावयाची नाही, ती होती तेथे ठेवा. वाद वरकरणी क्षुल्लक खरा. पण या तीन उपायांपैकी पहिला एकदा करून चुकल्यावर मागे फिरता येत नाही. म्हणून प्रथम त्याचाच विचार करू.

घासण्याची ही ओढ बोरूच्या काळातून आली असावी, असा आमचा तर्क आहे. बोरू बोथटला की चाकूने तासावा व पुन्हा लिहू लागावे. कारण तो वरपासून खालपर्यंत एकाच जातीचा. निबेचे तसे नाही. तिचे पान सोन्याचे किंवा पोलादाचे असते. पण कागदाला जे टेकते ते दोहोंपैकी एकही नव्हे. टोकाशी राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान अशी एका अत्यंत कठीण मिश्रधातूची गोळी वितळवून जोडलेली असते व मग तिच्यासकट निबेला मधोमध चीर पाडतात. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली लंडन येथे इरिडियम व ऑस्मियम या धातूंचा शोध लावला. या दोहोंची निसर्गतः सापडणारी मिश्रधातू सोन्याच्या टोकाला जोडण्याची युक्ती १८३४ साली जॉन आयझॅक हॉकिन्स याने केली. आजच्या गोळीत बहुधा टंगस्टन, ऑस्मियम, रुथेनियम अशा धातू असतात, इरिडियम क्वचितच. तरी निबेवर नाव मात्र इरिडियमचेच कोरलेले आढळते. नावे अशीच टिकतात! काचकागदावर झिजते ती हीच गोळी, आणि घरी बसून ती पुन्हा लावता येत नाही.

यावरून धाकट्या दिरांच्या सूचनेचाही निकाल लागतो. सोन्यामुळे अक्षर गुळगुळीत उमटते, हा समज फार पसरलेला आहे. जुन्या लोहयुक्त शायांत आम्ल असे व ते साध्या पोलादाला खाई. सोन्याला ते काही करू शकत नसे. सोने निबेत आले ते मुख्यतः या कारणाने. चौदा कॅरटच्या निबेत सोने असते सुमारे ५८ टक्के. तिला थोडा लवचिकपणा असतो, शोभाही असते. परंतु कागदावरून घसरते ती गोळी, सोने नव्हे. नीट बसविलेली न गंजणाऱ्या पोलादाची निब वाकड्या सोन्याच्या निबेपेक्षा केव्हाही चांगली.

मग खरखर येते कोठून? निबेला चिरेमुळे दोन पाकळ्या झालेल्या असतात. त्या टोकाशी अगदी एका पातळीत असल्या, तर कागदाला गोळीची गोल बाजू तेवढी लागते. एक पाकळी केसभर खाली गेली की तिच्या आतल्या बाजूची धार उघडी पडते व ती कागदाचे तंतू ओरबाडते. झरणी एकदा निबेवर पडली, किंवा कोणी जोर देऊन लिहिले, की एवढे होण्यास वेळ लागत नाही. कोणती पाकळी खाली आली आहे, हे ओळखण्याचे साधन आपल्या लिपीतच आहे. डावीकडून उजवीकडे शिरोरेघ ओढताना निब अडखळत असेल व तीच रेघ उलटी ओढताना अडखळत नसेल, तर लिहिणाराच्या बाजूने पाहता डावी पाकळी खाली आहे असे समजावे. उलट अनुभव आला तर उजवी. मग दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून टोक समोरून पाहावे. खाली आलेली पाकळी अंगठ्याच्या नखाने किंचित वर उचलावी, पुन्हा पाहावे, पुन्हा लिहून बघावे. या कामात घाई करणाराने ते हाती घेऊच नये.

पण त्याआधी एक गोष्ट करावयाची राहते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. शाई हे नुसते रंगाचे पाणी नसून निबेचे वंगणही आहे. गोळी व कागद यांमध्ये शाईचा पातळ थर असतो, त्यावर निब तरंगते म्हणावयास हरकत नाही; थर तुटला की तीच निब कोरडी घासू लागते. पानावरून थेंब ओघळावा तशी शाई येथे गुरुत्वाने येत नाही. चीर टोकाकडे अरुंद होत गेलेली असते व अरुंद जागेकडे द्रव आपोआप ओढला जातो. निबेखालची जीभ तेवढी शाई पुरविते आणि तितकीच हवा आत सोडते. वर्षानुवर्षे वाळलेल्या शाईने चीर व जीभ बुजली असेल, तर हा सारा व्यापार थांबतो. मामंजींच्या झरणीचे हेच झाले असण्याचा संभव अधिक. तिचा निबेकडील भाग रात्रभर साध्या थंड पाण्यात बुडवून ठेवावा, पाणी निर्मळ येईपर्यंत बदलावे. ऊन पाणी नको, स्पिरिट मुळीच नको. जुनी एबोनाइटची झरणी उन्ह पाण्याने विटते व सेल्युलॉइडची स्पिरिटने बिघडते. चित्रकलेची लाखयुक्त काळी शाईही तिच्यात कधी भरू नये.

गुळगुळीतपणाचाही अतिरेक होतो, हे घासणारांच्या ध्यानात येत नाही. पाकळ्यांच्या आतल्या कडा फार गोल झाल्या, तर शाई चिरेत येऊनही कागदापर्यंत पोहोचत नाही. अशी निब हाताला लोण्यासारखी लागते आणि प्रत्येक शब्दाचा पहिला फराटा कोराच राहतो.

सासूबाईंचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. गोळी वर्षानुवर्षांच्या लिखाणाने धन्याच्या हाताच्या कलाप्रमाणे सूक्ष्म झिजते, ही गोष्ट खरी. दुसऱ्याने झरणी किंचित फिरवून धरली की त्या झिजेची कड त्याला बोचते. तेव्हा नातवाने ती थोडी डावी-उजवीकडे फिरवून आजोबांची धरण्याची रीत शोधावी. सापडली तर ती लिहील. मात्र दोन ओळी कोणी लिहिल्याने निब बिघडते, हे खरे नव्हे. बिघडविते ते दाबणे, आणि बॉलपेनावर वाढलेल्या मुलांना दाबण्याचीच सवय असते.

घरात डावखुरे मूल असेल, तर त्याच्या हाती ती निब आणखीच खरखरेल. कारण उजवा हात निब ओढतो तेथे डावा हात ती पुष्कळदा ढकलतो. त्याला थोडी जाड गोळीची, सढळ शाईची वेगळी झरणी आणावी. त्याचा हात बदलू नये.