बाबांचे हिशेब आणि विश्वामित्रीचं पाणी

मागच्या वेळी यूपीआयवर लिहिलं, तेव्हा दोघातिघांनी विचारलं की घरचा हिशेब कशात ठेवावा. एक्सेलमध्ये ठेवा, एखाद्या ॲपमध्ये ठेवा, फार फरक पडत नाही. ठेवलेला हिशेब हरवू नये आणि भलत्याच्या हाती लागू नये, हे सांभाळणं जास्त अवघड. त्यात मी सपशेल नापास झालोय, म्हणून आज तेच सांगतो.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना लॅपटॉपवर ग्नूकॅश बसवून दिलं. फुकट आहे आणि दुहेरी नोंदीनं चालतं, त्यामुळे जन्मभर वहीत जमाखर्च मांडलेल्या माणसाला ते लगेच रुचलं. दूध, वीज, एफडीच्या मुदती, मामाला दिलेले हातउसने, सगळं त्यात. असा आठ वर्षांचा हिशेब साठला.

ग्नूकॅशच्या फाइलला स्वतःचं कुलूप नसतं. लॅपटॉप ज्याच्या हाती, त्याच्या हाती हिशेब. म्हणून मी इंजिनिअरची अक्कल चालवली आणि व्हेराक्रिप्टची एक पेटी केली. ही पेटी म्हणजे एकच मोठी फाइल. पासवर्ड दिला की वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, बंद केली की आत काय आहे ते कुणाला कळत नाही. ही पेटी क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. शिवाय बाबा दर रविवारी हार्ड डिस्कवर कॉपी घ्यायचे. एक लॅपटॉपवर, एक डिस्कवर, एक क्लाउडवर. मी अगदी निश्चिंत होतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीनं काय केलं, ते बडोद्यातल्या वाचकांना सांगायला नको. कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. आई-बाबा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेले. जाताना देव, औषधं आणि कागदपत्रांची पिशवी घेतली. लॅपटॉप टेबलाच्या खालच्या खणात राहिला. आणि हार्ड डिस्क? त्याच खणात, लॅपटॉपच्या शेजारी. दोन्ही वस्तू एकत्र बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर मी मांजलपूरला माझ्या घरी बसून मोठ्या ऐटीत क्लाउडवरची पेटी उतरवली. पासवर्ड दिला, उघडली. शेवटची नोंद नोव्हेंबर २०२२ ची!

कारण शोधायला एक संध्याकाळ गेली. पेटी कधी वापरली ते कुणाला कळू नये, म्हणून व्हेराक्रिप्ट आत काहीही बदललं तरी पेटीवरची बदलाची तारीख जुनीच ठेवतं. सिंक करणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा तारीख बघूनच ठरवतं की फाइल बदलली का. त्याच्या दृष्टीनं काही बदललंच नव्हतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी बाबांचा लॅपटॉप बदलला, तेव्हा पेटी नव्यानं चढली, ती शेवटची. सेटिंगमधली एक खूण काढली असती तर काम झालं असतं. आणि वर्षात एकदा जरी क्लाउडवरची प्रत उघडून बघितली असती, तरी कळलं असतं.

बँकेच्या नोंदी स्टेटमेंटवरून परत मांडता आल्या. रोखीचं मात्र गेलं. मामानं किती परत केले, घराच्या गिलाव्याचे किती दिले, कामवाल्या मावशींची उचल किती बाकी, याला कुठलंच स्टेटमेंट नसतं. बाबा मला काही बोलले नाहीत. माळ्यावर त्यांच्या १९८४ पासूनच्या वह्या कोरड्या होत्या, तिकडे एकदा बघितलं फक्त.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. पेटी बंद केली. दर महिन्याच्या एक तारखेला बाबा ग्नूकॅशची फाइल सेव्हन-झिपनं पासवर्ड घालून बांधतात आणि नावात महिना घालतात. दर वेळी नवी फाइल, त्यामुळे तारखेचा घोळच नाही. (आतल्या फाइलींची नावंही लपवण्याची खूण करायला विसरू नका.) ग्नूकॅश दर वेळी सेव्ह करताना जुनी प्रत बाजूला ठेवतं, ती साधारण महिनाभर राहते. चुकून काही पुसलं तर ती कामाची, पण असते त्याच फोल्डरमध्ये, म्हणजे पुरात तिचा उपयोग शून्य.

बांधलेली फाइल क्लाउडवर जाते आणि दोन पेन ड्राइव्हवर. एक बाबांकडे, लॅपटॉपला कायम न लावता, कारण खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जे जे जोडलेलं असेल ते सगळं कुलूपबंद करतो. दुसरा ताईकडे इंदूरला. गणपतीत आणि दिवाळीत अदलाबदल होते. फोनवरचं खर्चाचं ॲप वापरत असाल तर त्यातून अधूनमधून सीएसव्ही काढून ठेवा. अमेरिकेत मिंट हे लाखो लोकांचं हिशेबाचं ॲप मार्च २०२४ मध्ये कंपनीनं बंद केलं. ॲप आपलं नसतं, सीएसव्ही आपली असते.

पासवर्डचं मात्र मी कित्येक मित्रांच्या उलट सांगतो. कागदावर लिहा. पाचसहा मराठी शब्दांचं, अर्थ न लागणारं लांबलचक वाक्य करा, लिहून पाकिटात घाला आणि पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. गूगलच्या खात्याचे दहा बॅकअप कोडही त्यातच, कारण फोन बुडाला तर ओटीपी येणार कुठे? चोर आपल्या घरी कधीतरी येईल. पासवर्ड आपल्या डोक्यात ठेवून आपणच जाण्याची शक्यता त्याहून जास्त आहे. मग बायकोला एफडी कुठे आहेत तेही कळायचं नाही.

म्हणून प्रत तपासायचं काम आम्ही आईला दिलंय. दर महिन्याला ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लावते, पासवर्ड टाकते, फाइल उघडते आणि गेल्या महिन्याचं दुधाचं बिल मला फोनवर वाचून दाखवते. पहिल्या वेळी पाऊण तास लागला. कुठलं बटण, कुठला फोल्डर, सगळं तिनं भाजीच्या यादीमागे लिहून घेतलं.

दुसऱ्या महिन्यात तिनं दुधाच्या बिलावर थांबायचं नाकारलं. संध्याकाळी फोन आला.

"अरे, दर गुरुवारी 'किरकोळ' म्हणून काय आहे? ऐंशी-ऐंशी रुपये?"

मागून बाबांचा आवाज आला, "प्रत उघडते का तेवढं बघायचं होतं. वाचायला कुणी सांगितलं?"

बाबांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. गुरुवारी ते पेन्शनच्या कामाला म्हणून बाहेर पडतात आणि वाटेत शेवउसळीचं दुकान लागतं. आता ती नोंद 'शेवउसळ' याच नावानं होते, पंधरवड्यातून एकदा.