मोटारीचा पांढरा धूर

मोटारीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर निघताना दिसला की घरातील मंडळींत सहसा दोन तट पडतात. एका पक्षाच्या मते इंजिन कामातून गेले. दुसऱ्याच्या मते थंडीत असे व्हायचेच. प्रसंगपरत्वे दोन्ही पक्ष खरे ठरतात, आणि म्हणूनच धूर नेमका कशाचा आहे हे ओळखता येणे अगत्याचे आहे.

काळा धूर म्हणजे प्रमाणाबाहेर इंधन व निळसर धूर म्हणजे जळणारे ऑइल, हे पुष्कळांस ठाऊक असते. पांढरा धूर मात्र बहुधा धूर नसतोच. ती वाफ असते. पेट्रोल जळताना त्यातील हायड्रोजनचे पाणी होते, आणि एक लिटर पेट्रोलपासून सुमारे एक लिटर पाणी निपजते, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. सीएनजीमध्ये हायड्रोजनचे प्रमाण अधिक, म्हणून वाफही अधिक. एरवी ती डोळ्यांस दिसत नाही. पौषातल्या पहाटे नांदेडास गोदावरीकाठी गारठा पडला असता तीच थंड हवेत दिसू लागते, इतकेच. ही वाफ विरळ असते, चटकन विरते, आणि गाडी पाच-दहा मिनिटे चालली की दिसेनाशी होते. तिच्यापायी मेस्त्रीचे दार ठोठावण्याचे कारण नाही.

काळजी करावी ती इंजिन चांगले तापल्यावरही, भर दुपारी, दाट पांढरे लोट येत राहिले तर. त्यांस गोडसर वास येत असेल, रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होत असेल आणि गाडीखाली मात्र थेंबही सांडलेला नसेल, तर ते पाणी इंजिनाच्या पोटात जात आहे असे समजावे. सिलिंडरचा ठोकळा आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट नावाचा एक पातळ पत्रा असतो. जळता वायू, पाणी आणि ऑइल या तिघांस परस्परांपासून दूर ठेवण्याचे काम त्या बिचाऱ्याकडे असते. इंजिन अतोनात तापले की अॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केटची पकड सुटते, आणि पाणी सिलिंडरात शिरून वाफेच्या रूपाने मागून बाहेर पडते.

पण इंजिन इतके तापते का? याचे उत्तर लातूर-नांदेडकडील गृहिणींस आपल्या स्वयंपाकघरातच सापडेल. ज्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणास फेस येत नाही, आणि जे बंबाच्या आत पांढरा कठीण थर धरते, तेच पाणी आपण निःशंकपणे रेडिएटरमध्ये ओततो. तेथेही ते तसेच वागते. अरुंद नळ्यांत क्षारांचा थर बसतो, थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, आतील लोखंडास गंज चढतो, आणि वैशाखात कधीतरी काटा लाल रेषेकडे सरकतो. म्हणजे गॅस्केट उडते एका दिवसात. त्याची तयारी मात्र कित्येक वर्षे चाललेली असते.

ज्या लातुरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे मोटारीसाठी शुद्ध पाण्याचा आग्रह धरणे कोणास चैन वाटेल. वस्तुतः लहान मोटारीस चार-सहा लिटरच लागतात, व ते भरले की काही वर्षे पुरतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे, किंवा तयार मिश्रण आणावे. जारचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे. खरी अडचण निराळीच आहे. एकत्र कुटुंबात मोटार सर्वांची असते आणि रेडिएटर कोणाचाच नसतो! धाकटे भावोजी पाणी कमी दिसले की नळीने भरतात, थोरल्यांस त्याचा पत्ता नसतो, आणि पाणी कितीदा कमी झाले हे कोणासच सांगता येत नाही. हे काम घरातील एकाच माणसाकडे सोपवावे व त्याने ते वहीत टिपावे.

संशय आल्यास इंजिन पूर्ण थंड असताना ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. अशी गाडी पुन्हा सुरू न करता ओढून न्यावी, कारण सिलिंडरात साचलेले पाणी दाबले जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हजारांचे काम पुष्कळ हजारांवर जाते.

मेस्त्रीने हेड उतरवले की ते सपाट आहे की वाकले आहे हे मोजून घेण्याचा आग्रह धरावा. वाकलेल्या हेडाखाली नवे गॅस्केट घालणे म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणे. शिवाय गाडी मुळात का तापली, पंखा फिरत नव्हता, पाण्याचा पंप निकामी झाला होता, की रेडिएटरच तुंबला होता, हे शोधल्याखेरीज बिल चुकते करू नये. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो आमच्या मते मानू नये. त्याने रोग बरा होत नाही, उलट इंजिन योग्य उष्णतेवर न चालल्याने झिजते व इंधन जास्त खाते.

डिझेल गाडीचा पांढरा धूर डोळ्यांस झोंबत असेल तर ते बहुधा न जळलेले डिझेल असते. तेथे हीटर प्लग आणि नोझल तपासावेत.

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातुरास जाताना वाटेत काटा चढला, तर गाडी सावलीत थांबवून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पुरते निवेपर्यंत कोणासही उघडू देऊ नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच तोंडावर उसळते. एक गोष्ट विशेषेकरून घरातील वडील मंडळींसाठी. पुष्कळशा कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड आणि विषारी असते. त्याचा डबा मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये, आणि काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नये. गुरे-कुत्री ते चाटतात.