कुलवृत्तान्त छापावा कोणत्या रीतीनें?

घराण्याचा कुलवृत्तान्त छापावा असा विचार पुष्कळ कुटुंबांत निघतो. पण "आधीं हजार प्रतींचा पैसा जमूं द्या" या वाक्यापाशीं तो अडून बसतो. तोंपर्यंत ज्यांस जुनीं नातीं तोंडपाठ असतात तीं वडील माणसें एकेक करून निघून जातात. म्हणून मुद्रणाच्या आजच्या दोन रीतींतील भेद गृहस्थांनीं समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

पहिली रीत ऑफसेटची. हिचें मूळ शिळाछापांत आहे. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, या साध्या गोष्टीवर सेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास जर्मनींत ही कला उभारली. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मराठी पंचांग छापलें तें याच शिळाछापावर. पुढें शिळेच्या जागीं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आला. त्यावरील अक्षरांचा भाग शाई धरतो; उरलेला भाग पाणी धरून शाईस दूर सारतो. ही शाई प्रथम रबरी पटावर उतरते व तेथून कागदावर. रंगीत चित्रास बहुधा चार पत्रे लागतात. पत्रे करण्याचा व यंत्र जुळविण्याचा खर्च पन्नास प्रतींस पडतो तितकाच पांच हजारांस. म्हणून प्रती वाढतील तसतशी दर प्रत स्वस्त पडते.

दुसरी रीत डिजिटल. हिला पत्रा लागतच नाहीं. संगणकांतील मजकूर थेट यंत्रांत जातो. विजेच्या भारानें रंगाची कोरडी भुकटी कागदावर ओढली जाते व उष्णतेनें चिकटते. चेस्टर कार्लसन यानें १९३८ सालीं अमेरिकेंत केलेला प्रयोग हिचा पाया होय. कांहीं यंत्रें शाईचे सूक्ष्म थेंबच कागदावर सोडतात. येथें पहिल्या व शंभराव्या प्रतीस खर्च जवळजवळ सारखाच. शिवाय दोन प्रतींच्या मध्यें मजकूर बदलतां येतो.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, प्रथम तीस-चाळीस प्रती डिजिटल रीतीनें काढाव्या, समास रुंद ठेवावा, व त्या वडील मंडळींच्या हातीं द्याव्या. राहिलेलीं नांवें, आत्यांचीं सासरें, सुनांचीं माहेरें त्यांच्याकडून भरून घ्यावीं. मग मागणी शेंकड्यांनीं आली तर सुधारलेली आवृत्ति ऑफसेटवर छापावी. कागद आम्लविरहित व बांधणी शिवणीची असावी. त्यांत काटकसर नको. छापखाना सावकाश ठरवावा. आजीस विचारावयाचें तें मात्र याच सुटींत विचारून घ्यावें.